चंद्राच्या पाठीवरची दुपार : भास्कराचार्य आणि आपले नऊशे वर्षं जुने गैरसमज

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्यानंतरचे काही दिवस आमच्या रांजणगावात, एमआयडीसीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर एक माहिती अगदी ठामपणे फिरत होती. यान म्हणे चंद्राच्या अंधाऱ्या बाजूला उतरलंय, जिथे कधी ऊनच पडत नाही. गंमत म्हणजे हे सांगणाऱ्याच्या मोबाईलवर जो फोटो असायचा, त्यात रोव्हरचं सोलर पॅनेल स्पष्ट दिसत असायचं. ऊन नाही तर पॅनेल कशाला, हे कोणी विचारत नव्हतं.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. चंद्राचा दक्षिण ध्रुवाकडचा भाग, चंद्राची पलीकडची बाजू आणि ध्रुवाजवळचे काही खोल खड्डे. ऊन कायमचं पोचत नाही ते फक्त त्या खड्ड्यांच्या तळाशी. चांद्रयान-३ उतरलं ते साधारण ६९ अंश दक्षिणेला, आणि तेही आपल्याला दिसणाऱ्या बाजूवरच. आपल्याला कधीच न दिसणारी पलीकडची बाजू वेगळी. तिथे जानेवारी २०१९ मध्ये चीनचं छांग-अ-४ उतरलं, आणि तेही सोलर पॅनेल घेऊनच. कारण चंद्राच्या पाठीवरसुद्धा दिवस उगवतो. जवळजवळ पावणेपंधरा दिवस ऊन, मग तेवढीच रात्र.

आता मुद्द्याची गोष्ट. चंद्राच्या पाठीवर भर दुपार कधी होते, याचं बरोबर उत्तर ११५० साली एका छत्तीस वर्षांच्या माणसाने लिहून ठेवलंय. त्याचं घराणं आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचं. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा युक्तिवाद असा. पितर चंद्राच्या वरच्या भागावर, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर राहतात, अशी समजूत तेव्हा सर्वमान्य होती. भास्कराचार्यांनी ती मोडीत काढली नाही. त्यांनी फक्त विचारलं, की बरं, तिथे कोणी उभं असेल तर त्याला सूर्य कधी डोक्यावर दिसेल? अमावस्येला चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असतो, म्हणून त्याची पलीकडची बाजू सूर्यासमोर. अमावस्या म्हणजे पितरांची दुपार. पौर्णिमा म्हणजे त्यांची मध्यरात्र. मधल्या दोन अष्टम्यांना त्यांची पहाट आणि संध्याकाळ. श्रद्धा लोकांची, भूमिती त्यांची. नासाच्या एखाद्या माहितीपटात हेच ॲनिमेशन करून दाखवतात, फक्त पितरांऐवजी एक यान असतं.

माणूस कोण होता ते बघू. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष स्वतःच्याच ग्रंथात दिलंय : शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, आणि तेच गुरू. गाव विज्जडवीड, सह्य पर्वताच्या आश्रयाचं. हे विज्जडवीड म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर अभ्यासकांनी भरपूर शाई खर्च केलीय. कोणी बीड म्हणतं, कोणी विजापूर. पाटणची बाजू भक्कम होते ती तिथल्या एका शिलालेखामुळे, पण त्याकडे शेवटी येऊ.

घराणं पिढीजात विद्वानांचं. पाच पिढ्यांआधीच्या भास्करभट्टांना राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिली होती. म्हणजे आमच्याकडे कसं, आजोबा सरपंच, वडील सरपंच, तसं तिकडे आजोबा गणिती, वडील गणिती. पण घराण्यातल्या सगळ्यांत आजही नाव घेतलं जातं ते याच एकाचं, आणि त्याचं कारण ‘सिद्धान्तशिरोमणी’.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केलेल्या या ग्रंथाचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणिताध्याय आणि गोलाध्याय. पहिले दोन शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला निदान नावाने माहीत असतात. माझ्या मते खरा खजिना चौथ्यात आहे. तिसऱ्या भागात ग्रहांची गणितं कशी करायची ते आहे, आणि गोलाध्यायात ती तशीच का करायची ते. वर त्यांनी स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच टीका लिहिली, ‘वासनाभाष्य’. वासना म्हणजे इथे उपपत्ती, कारण. कोड लिहिणाऱ्यानेच कमेंट आणि डॉक्युमेंटेशनही लिहून ठेवावं तसं. आमच्या क्षेत्रात हे किती दुर्मीळ आहे ते विचारू नका. ज्याला गोल कळत नाही तो ज्योतिषी म्हणजे तूप नसलेलं जेवण, अशा अर्थाचा टोमणाही त्यांनी मारून ठेवलाय.

गोलाध्यायात ते एकेक लोकप्रिय समजूत समोर घेतात आणि तिला प्रश्न विचारतात. पहिली समजूत, पृथ्वीला कोणीतरी उचलून धरलंय. शेष म्हणा, कासव म्हणा, हत्ती म्हणा. भास्कराचार्य म्हणतात, ठीक, पण मग त्या आधाराला आधार कोणाचा? त्याच्याखाली आणखी एक? मग त्याच्याखाली? कुठेतरी असं काहीतरी मानावंच लागेल जे स्वतःच्या बळावर राहतं. ते शेवटीच का मानायचं? पहिल्यांदाच, पृथ्वीच्या बाबतीतच का नाही मानायचं? प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांनी हे लगेच ओळखलं असेल. बेस केस नसलेलं रिकर्शन आहे हे. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं, स्टॅक ओव्हरफ्लो होतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. भास्कराचार्यांनी बेस केस पहिल्याच पायरीवर टाकली.

दुसरी समजूत, पृथ्वी आरशासारखी सपाट आहे. इथे त्यांचा प्रश्न असा, की सपाट असेल तर दूरवर फिरणारा सूर्य रात्रीही दिसायला हवा. मेरू पर्वत आड येतो म्हणाल, तर मग तो मेरू का दिसत नाही? आणि सपाट दिसते त्याचं कारण सोपं आहे : वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ रेषेसारखाच भासतो, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीपुढे माणूस अगदीच छोटा. त्यांनी शंभरावा भाग म्हटला हा उदारपणा झाला. सपाट रानात उभं राहिलं तर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर, म्हणजे आपल्याला दिसतो तो साधारण नऊ हजारावा भाग. इतक्यात गोलाई दिसायची कुठून?

हा घेर मोजायची रीतही ते देतात. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधलं अंतर मोजा आणि त्रैराशिक मांडा. त्यांचा आकडा ४९६७ योजनं. आता योजन म्हणजे नक्की किती किलोमीटर, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने धरून त्यांचं उत्तर आजच्या आकड्याशी तंतोतंत जुळवलेलं मी पाहिलंय. तसल्या जुळवाजुळवीची गरज नाही. आकड्यापेक्षा रीत महत्त्वाची, आणि रीत बिनचूक आहे.

तिसरी समजूत, पृथ्वी अवकाशात सतत खाली पडत चाललीय. हे मत ते बौद्धांचं म्हणून देतात. (पाटणच्या शेजारच्या डोंगरातच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, हे वाचताना मला ती आठवतात.) भास्कराचार्य म्हणतात, वर फेकलेली जड वस्तू परत जमिनीवर येताना रोज बघता, तरी पृथ्वी पडतेय कसं म्हणता? हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा खोल आहे. दोन वस्तू एकत्र, एकाच तऱ्हेने पडत असतील आणि एकमेकींना ओढत नसतील, तर वर फेकलेला दगड परत येणारच नाही. अंतराळ स्थानकात अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून तरंगतात, हा आजचा बहुधा सर्वात लोकप्रिय गैरसमज असेल. स्थानक फक्त ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथेही जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतं. स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती फिरत सोबतच पडत असतात, एवढंच.

आणखी एक समजूत जैनांची म्हणून ते देतात : सूर्य दोन, चंद्र दोन, नक्षत्रांचेही दोन संच, आळीपाळीने उगवतात. त्यावर त्यांनी वाचकाला ध्रुवाजवळच्या माशाच्या आकाराच्या तारकासमूहाकडे बघायला सांगितलं. एका दिवसात त्याची पूर्ण फेरी होते. आकाश दिवसात एकदा फिरून जागेवर येतं, तर दुसरा सूर्य लागतोच कशाला? शेवटी पृथ्वीच्या खालच्या बाजूची माणसं. ती उलटी लटकून पडत का नाहीत? तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्यातलं प्रतिबिंब बघा. तसे त्यांचे पाय आपल्या पायांकडे असतात, आणि ती तिथे तेवढीच आरामात असतात जेवढे आपण इथे. प्रत्येकाला आपणच वर आहोत असं वाटतं.

इथेच तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा जगप्रसिद्ध फॉरवर्ड येतो : गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी लावला. खरं काय ते नीट बघू. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला स्वतःकडे ओढते म्हणून वस्तू पडल्यासारखी वाटते, आणि चारही बाजूंना आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः पडणार कुठे, हे गोलाध्यायात स्पष्ट आहे. हे साधं नाही. खाली ही दिशा नसून पृथ्वीच्या मध्याकडे म्हणजे खाली, हे त्यातून निघतं. पण न्यूटनने १६८७ साली मांडलं ते वेगळं. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, आणि झाडावरून फळ पाडणारी ओढच चंद्रालाही बांधून ठेवते. भास्कराचार्यांच्या मांडणीत पृथ्वी स्थिर आहे, चंद्र पाण्याचा गोळा आहे आणि ग्रह फिरतात ते वेगळ्या कारणांनी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाने त्यांच्या साडेसहाशे वर्षं आधी म्हटलं होतं, आणि ते भास्कराचार्यांनी घेतलं नाही. मला फॉरवर्डचा राग येतो तो एवढ्यासाठी, की तो त्यांना न्यूटनच्या शर्यतीत पळवतो आणि त्यांनी जे खरंच केलं ते वाचायचं राहून जातं.

चंद्राच्या कलांचंच घ्या. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र कमी-जास्त दिसतो, असं सांगणारे इंजिनिअर मला माहीत आहेत. सावलीचा कलांशी काही संबंध नाही, ती लागते फक्त चंद्रग्रहणात. भास्कराचार्यांचं उदाहरण उन्हात ठेवलेल्या घटाचं आहे. सूर्याकडची बाजू उजळ, दुसरी बाजू स्वतःच्याच सावलीत काळी. चंद्रही तसाच नेहमी अर्धा उजळ असतो, आणि आपण कोणत्या कोनातून बघतो त्यावर कोर ठरते. गणेश चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही म्हणून महागणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं आमच्याकडे संध्याकाळी पश्चिमेला पाठ करून चालताना दिसतात. ती कोर पश्चिमेलाच का असते, आणि संकष्टीचा चंद्र मात्र उपवास ताणत रात्री उशिरा पूर्वेला का उगवतो, या दोन्हीचं उत्तर त्या एका घटात आहे. शुद्ध चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या थोडाच मागे असतो, वद्य चतुर्थीचा सूर्याच्या समोरची जागा ओलांडून पुढे गेलेला. आणि संकष्टीची चंद्रोदयाची वेळ रांजणगावला एक आणि नागपूरला सुमारे वीस मिनिटं आधीची, हा रेखांशाचा फरक. त्यासाठीचा देशांतर संस्कार त्यांच्या ग्रंथात आहे, उज्जैनची रेषा शून्य धरून.

मग येतात राहू-केतू, आणि इथे प्रकरण अवघड होतं.

ग्रहणावर भास्कराचार्यांनी दिलेली निरीक्षणं पोलीस तपासासारखी आहेत. चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेच्या कडेकडून सुरू होतं, सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेच्या कडेकडून. अर्धा ग्रासलेल्या चंद्राची टोकं बोथट दिसतात, म्हणजे झाकणारी गोष्ट मोठी. अर्ध्या ग्रासलेल्या सूर्याची टोकं अणकुचीदार, म्हणजे झाकणारी गोष्ट लहान. चंद्रग्रहण जिथे जिथे चंद्र दिसतो तिथे सारखंच, सूर्यग्रहण मात्र एका गावी असतं आणि दुसऱ्या गावी नसतं. एकच राहू दोन्ही करत असता तर हे फरक का पडले असते? चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली, सूर्याला झाकतो तो चंद्र.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या घरात वहिनीला सातवा महिना होता. आजीच्या हिशोबाने तिने संध्याकाळी सहापासून ग्रहण सुटेपर्यंत, म्हणजे रात्री जवळजवळ दीडपर्यंत, खायचं-प्यायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. साडेसात तास, पोटुशी बाई, पाण्याचा थेंब नाही. माझं विज्ञान आजीला नको होतं, पण भास्कराचार्य हे नाव तिला चाललं. मी बॅटरी आणि लिंबू घेऊन बोथट टोकं आणि टोकदार टोकं दाखवली. आजी अंगठेबहाद्दर असली तरी तिला सावली लगेच पटली. आणि मग तिने मला एकच विचारलं, की या शास्त्रीबुवांनी राहू नाही असं लिहिलंय का.

नाही लिहिलेलं. तिथे भास्कराचार्यांनी तडजोड केलीय. एकीकडे गणित, दुसरीकडे वेद-पुराणं, आणि दोन्ही खोटी कशी म्हणायची? म्हणून ते म्हणतात, ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रात शिरून सूर्याला. गणिताला धक्का लागत नाही, राहूलाही जागा राहते. मला हा भाग आधी वाचताना भित्रेपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. बाराव्या शतकात राजांच्या आणि धर्मशास्त्राच्या आश्रयाने चालणाऱ्या घराण्यातल्या माणसाने सावली एवढी ठासून सांगितली, हेच धाडस होतं. पण किंमत कोणी मोजली तेही खरं. राहूसाठी ते दार उघडं राहिलं आणि त्यातून आजपर्यंत बायका उपाशी-तहानलेल्या बसल्यात. आजीला मी जे होतं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने वहिनी उठून माठाकडे गेली, तेव्हा आजीने तिच्या हातातला तांब्या घेतला, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि परत दिला. ती प्यायली.

भास्कराचार्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. हा रोजच्या वापराचा ग्रंथ. सिद्धान्तग्रंथात ग्रहांची स्थिती काढायची तर कल्पाच्या सुरुवातीपासूनचे दिवस मोजावे लागतात, साधारण १९७ कोटी वर्षांचे. म्हणजे बारा अंकी आकड्याचे गुणाकार हाताने. करणात ते आरंभबिंदूच उचलून ११८३ वर आणतात. कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, तीच ही युक्ती. पंचांग करणाऱ्यांनी हे छोटं पुस्तक पुढे कित्येक शतकं वापरलं. लीलावती नावाच्या मुलीची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची करुण गोष्ट मात्र त्यांच्या कुठल्याही ग्रंथात नाही. ती येते १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, चारशे वर्षांनंतर. शिलालेखात नाव आहे ते मुलाचं, लक्ष्मीधराचं. त्याला यादव राजा जैतुगीने पाटणहून आपल्या दरबारी नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला.

या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने जागा दिली आणि ते दगडावर कोरून ठेवलं. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. वंशावळ संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील चक्क जुन्या मराठीत : बाजारातल्या कराचा हिस्सा, घाण्यामागे थोडं तेल, असा अगदी व्यवहाराचा. ज्ञानेश्वरीच्या आठ दशकं आधीची ही मराठी. दानाची तिथीही दिलीय, शके ११२८, श्रावण पौर्णिमा, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७. वेळ, चंद्रग्रहणाची. ग्रहण म्हणजे सावली असं शिकवणाऱ्या ग्रंथांच्या शाळेला जागा दिली ती ग्रहणाचं पुण्य साधून.

त्यांची तपासणी तुम्हालाही करता येईल. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळा आहे, ढगांनी साथ दिली तर ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच बघा : सूर्य पश्चिमेला कललेला असेल, आणि पहिला चावा मावळतीकडच्या कडेला पडेल. मग ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, नवीन वर्षाची वाट बघत गच्चीवर असाल तेव्हा, साडेआठनंतर खग्रास चंद्रग्रहण सुरू होईल. त्याला चष्मा लागत नाही. चंद्राची कोणती कड आधी काळवंडते आणि अर्ध्यावर आल्यावर टोकं बोथट दिसतात की अणकुचीदार, तेवढं बघा. सोबत पाणी असू द्या.